ताटातलं नाव
लग्नात बायकोचं नाव बदलण्याची चूक मी केली, आणि तीही भर मांडवात. परवा भाचीच्या लग्नात ताटात पसरलेल्या तांदळांचा कोरडा, धुळकट वास आला आणि सोलापुरातलं आमचं लग्न आठवलं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, मांडवात ऊन तापलं होतं आणि शेजारच्या मागांचा खडखडाट चालू होता. रिवाजाप्रमाणे मी ताटातल्या तांदळांत अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. कॉलेजात इंग्रजी घेतलेल्या तिनं ते वाचलं आणि तळहातानं तांदूळ सारखे केले. “गेल्या शतकातल्या अमेरिकन गोष्टी वाचल्यात मी. त्यांतल्या बायका लग्न झालं की नुसत्या मिसेस अमुक होतात आणि आयुष्यभर घुसमटतात. मला माझं नाव आहे,” म्हणत तिनं तिथं माहेरचंच नाव लिहिलं. “शिकल्याली आणलीस की रं, भोग आता!” माझी आत्या म्हणाली आणि सगळा मांडव हसला. ते हसू मला झोंबलं. मी ताट ओढून घेतलं, तिचं नाव पुसलं आणि मी ठरवलेलं पुन्हा लिहिलं. त्या नावाला तिनं एकदाही ओ दिली नाही. शाळेत शिकवायला लागली तीही स्वतःच्याच नावानं. वीस-बावीस वर्षं मी तिला नुसतं ‘अगं’ म्हणत राहिलो. परवा घरी आल्यावर मी ताटात तांदूळ पसरले, तिचं माहेरचं नाव लिहिलं आणि ताट तिच्यापुढं ठेवलं. “आत्ता सुचलं व्हय?” ती म्हणाली. मी पहिल्यांदाच तिला त्या नावानं हाक मारली आणि म्हणालो, “चुकलं माझं. मला माफ कर.”