बर्फासकट दीडशे ग्रॅम

रहिमतपूरचे जोतिबा हवालदार पलटणीच्या रेशन गोदामातून निवृत्त झाले, पण काटा काही त्यांच्या हातून सुटला नाही. गोदामात गोठवलेलं मटण जसं गाडीतून उतरायचं तसंच काट्यावर चढायचं आणि तेवढंच कागदावर लागायचं. काटा दाखवतो ते खरं, माणूस बोलतो ते खोटं, असा त्यांचा खाक्या होता.

एकुलती एक लेक पूजा कुस्तीत नाव काढत होती. सांगलीच्या निवड चाचणीत तिला पन्नास किलोच्या गटात बसायचं होतं. तिथं निवड झाली तरच पुढं कुस्तीची गादी, नाहीतर लग्न, हे बापानं आधीच सांगून टाकलेलं. वस्तादांनी कॅलरी मोजून खुराकाचा तक्ता दिला. जोतिबांनी साताऱ्याहून मासळीची पाकिटं आणून फ्रीज भरला. गोठलेला तुकडा, त्यावर बर्फाचं जाड कवच, तसाच काट्यावर. तक्त्यातले दीडशे ग्रॅम भरले की पातेल्यात.

"आवं आबा, लय भूक लागलीया."

"भूक लागती म्हंजी तक्ता बरोबर हाय."

एकदा त्यांच्या बायकोनं, राहीबाईनं, लेकीच्या हातात गुपचूप अर्धी भाकरी सरकवली. जोतिबांनी ती काढून घेतली, पोरीच्या देखत कुत्र्याला घातली आणि कुत्र्याचं खाऊन होईस्तोवर तिला तिथंच उभं केलं. असल्या माणसाला गाव शिस्तीचा म्हणतं, वर रामराम घालतं.

राहीबाईला मात्र पातेल्यात सुटणारं पाणी रोज खुपत होतं. एका सकाळी तिनं वितळलेला तुकडा पुसून पुन्हा काट्यावर ठेवला. जेमतेम शंभर भरले.

"आवं, बघा तरी! पोरीच्या घासातलं एवढं नुसतं पाणीच की!"

जोतिबांनी आकडा पाहिला. त्यांना कळलं, अगदी स्वच्छ कळलं. पण बायकोसमोर चूक कबूल करायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

"वजन उतरतंय न्हवं? मग चालू दे तसंच."

सांगलीत पूजा पन्नासच्या आतच भरली. जोतिबांनी आजूबाजूला उभ्या असलेल्यांना हाका मारून काट्यावरचा आकडा दाखवला. मग लेक गादीवर उतरली. समोरच्या पोरीनं नुसता हात धरून ओढलं आणि पूजा कोसळली. चीत झाली ती झाली, उठेचना. तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

सलाईन संपलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. डॉक्टरांनी पोटभर खाऊ घाला म्हणून सांगितलं. राहीबाईनं वरणभाताचं ताट लेकीपुढं ठेवलं. पूजाचा हात भातापर्यंत गेला आणि थांबला. तिनं घाबरून बापाकडं पाहिलं.

"आबा, काटा?"

जोतिबांना लाज वाटायला हवी होती. त्यांचा ऊर भरून आला, तोही कौतुकानं.

"आणलाय की," म्हणत त्यांनी पिशवीत हात घातला.