धोंड्याच्या वाणात अलॉयची चाकं

आमच्या जावयानं धोंड्याच्या वाणात गाडीची चाकं मागितली. अधिक महिना आला की जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, अनारशांच्या ताटात निरांजन ठेवून वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. कुणी सोबत अंगठी देतं, कुणी कपडे करतं. जावई नांदेडला असतात, आम्ही लातूरला. जेवण झालं, हात पुसत पुसत ते म्हणाले, "मामा, सोनं-बिनं काही नको. गाडीला अलॉय बसवून द्या, बस्स." आमच्याकडं सासऱ्याला मामा अन् सासूला मामीच म्हणतात. हे मामा, म्हणजे आमच्या घरचे, लगेच पाघळले. "हाव की! त्यात काय एवढं!" मला तेव्हाच तिडीक आली. गाडीला चांगली चाकं होती. कंपनीनं दिलेली, लोखंडी, गोल. फिरत होती बिचारी. चाकानं आणखी काय करायचं असतं?

मला यातलं काही कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. मी स्वतः गाडी चालवते. चाकूरच्या अलीकडं एका खड्ड्यानं माझ्या गाडीचं अलॉय एकदा चिरलं होतं, तेव्हा नवं घ्यायला मी लातूरची सगळी दुकानं पालथी घातली होती. बांगडी घेताना आपण आधी हात बघतो, तसं चाक घेताना गाडी बघायची असते. नटांची भोकं किती, एकमेकांपासून किती लांब. मधलं मोठं भोक गाडीच्या तुंब्यावर, म्हणजे हबवर, घट्ट बसतं का. चाक आत किती राहतं, बाहेर किती येतं. टायर धरून एकूण उंची जुन्याएवढीच भरते का. एवढं जमलं तर घ्यायचं, नाहीतर दुकानदाराला नमस्कार करून घरी यायचं. रंगाचं काय ते शेवटी.

आमच्या जावयांनी सुरुवातच रंगापासून केली.

आम्हा सगळ्यांना ते नांदेडच्या एका दुकानात घेऊन गेले, भिंतभर चाकं टांगलेली. काळी, सोनेरी, पोपटी सुद्धा! दुकानदाराच्या गालात गुटख्याचा बार, बोलायच्या आधी तो दारात जाऊन थुंकून यायचा आणि तेच ओठ पुसलेलं बोट चाकावरून फिरवायचा. शी! जावयांनी काळं चाक पसंत केलं, कडेला लाल पट्टी, जुन्यापेक्षा दोन इंचानं मोठं. त्यावर टायर असं पातळ, भाकरीच्या काठासारखं. "लई भारी दिसून राहिलं बघा साहेब," दुकानदार म्हणाला, "टायर जरा बाहेर आलं की गाडी कशी मर्दानी वाटती."

मी वाकून बघितलं. चाक मडगार्डच्या बाहेर आलं होतं आणि मधलं भोक तुंब्याला ढिलं होतं, बोट जाईल एवढी फट. मी म्हणाले, "हे बसत नाही. निदान फट भरायला मधे रिंग तरी टाका."

"ताई, बिनघोर रहा. सगळ्याला बसतं. नट असा आवळतो की रिंगची गरजच न्हाई."

"सगळ्याला बसतं म्हणजे कुणालाच नीट बसत नाही," मी म्हणाले.

आमच्या ह्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. चारचौघांत! "अगं, धोंड्याच्या महिन्यात जावयाला टोकतात का? वाण आहे ते. आपण द्यायचं, गप बसायचं." झालं. जावई हा दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही, बाकीच्या नवांची निदान शांत तरी करता येते. लेक बाजूला उभी होती, नुकतेच दिवस गेलेले, चेहरा उतरलेला. तिला कुणी विचारलंच नाही. तिनं नव्या चाकांना हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला, आणि जुनी चाकं दुकानदारानं बदल्यात ठेवून घेतली. जावयांनी वाकून चाकाचा फोटो काढला. बायकोचा नाही, चाकाचा.

पुढं सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला बाळंतपणाला लातूरला आणायचं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी. माझी गाडी तेव्हा गॅरेजात होती, म्हणून आम्ही दोघं बसनं नांदेडला गेलो आणि येताना जावई म्हणाले, "बसनं कशाला? मी सोडतो की मामी, नव्या चाकांवर." मी नको म्हणाले. आमच्या ह्यांनी माझं नको तिथंच गिळून टाकलं आणि जाऊन पुढच्या सीटवर बसले.

नांदेड सोडलं आणि सुरू झालं. गाडीनं जरा वेग घेतला की स्टिअरिंग थरथरायचं, जावयांची मनगटं हलताना मला मागून दिसायची. खड्डा आला की टायर वरच्या पत्र्याला घासायचं, खर्रर्र. पातळ टायरमधून सगळा दणका सरळ सीटमध्ये. लेक माझ्याशेजारी दोन्ही हातांनी पोट उचलून धरून बसलेली, ओठ दाबून. मी "हळू, हळू" म्हणत होते आणि जावई आरशात बघून हसत होते. "मामी, सस्पेन्शन कडक झालंय, म्हणून जाणवतंय. सवय लागती."

सवय! त्या पोटातल्या लेकराला सवय लागती म्हणे!

वाटेत लोहा गावात चहाला थांबलो. जावयांचे कुणी ओळखीचे तिथं भेटले, त्यांना चाकं दाखवायचा कार्यक्रम सुरू झाला. मी उतरून दुसऱ्या बाजूनं बघितलं. पुढच्या टायरची बाहेरची कड घासून आतले दोरे दिसत होते आणि बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. मी ह्यांना हाताला धरून आणलं, फुगा दाखवला. "आता तरी बघा डोळे उघडून."

बघितला. ढिम्म. "हळू चालवतील ते."

मी जावयांना म्हणाले, "डिकीत स्टेपनी आहे ना? कंपनीचं चाक आहे ते. हे काढा आणि ते लावा. लातूरपर्यंत हळूहळू जाऊ."

त्यावर जावई काय म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मामी, तीन काळी अन् एक लोखंडी? कसं दिसल ते! लोक हसतील."

किळस आली मला. शिकलेला माणूस, चांगल्या ऑफिसात जातो, पोटुशी बायको मागं बसलीय आणि ह्याला लोकांच्या हसण्याची चिंता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं नाकच शिल्लक राहिलं नव्हतं. मी गाडीचा दरवाजा उघडला, लेकीची बॅग बाहेर काढली आणि तिला म्हणाले, "उतर. आपण बसनं जायचं."

ती आधी जावयांकडं बघू लागली. मग बापाकडं. बाप म्हणाला, "अगं, लोक बघून राहिलेत. तमाशा करू नको." जावई म्हणाले, "उतरायचं तर उतर म्हणावं. माझ्या गाडीला नावं ठेवणाऱ्यांनी नाहीच बसलेलं बरं." मी हात पुढं धरून उभी राहिले. शेवटी तिनं माझा हात धरला आणि एक एक पाय बाहेर टाकत उतरली.

आमचे हे उतरले नाहीत. "जावयाला एकटं कसं सोडायचं?" म्हणाले. धन्य!

लातूरची बस मिळाली, कंडक्टरनं तिच्याकडं बघून पुढची जागा करून दिली. बस धडधडत होती, पत्रे वाजत होते, पण चाकं सरळ चालली होती. अहमदपूर मागं पडलं तशी ती खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, "आई, मी पुढं बसणं सोडूनच दिलंय. पुढं बसले की मला भीती वाटती. आणि भीती दिसली की ते आणखी जोरात चालवतात."

"कधीपासून?"

"जुनी चाकं होती तेव्हापासून."

एवढे दिवस मी मेली भोकं मोजत बसले होते, मडगार्ड बघत होते! मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ती रडली नाही, म्हणून मलाही रडता येईना.

घरी पोचलो तर दोघं आमच्या आधीच येऊन बसलेले. टायर फुटलं नव्हतं. काही म्हणजे काही झालं नव्हतं. जावई सोफ्यावर पाय पसरून, हातात फराळाची बशी, आणि आमचे हे त्यांना आणखी चिवडा वाढत होते. "बघा मामी," जावई हसत म्हणाले, "काय झालं का? उगाच घाबरवलं तुम्ही हिला."

मी तोंड उघडणार तोच माझ्यामागून लेक आत आली. चप्पल काढली, भिंतीला धरून उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं.

"मी या गाडीत परत बसणार नाही. माझं लेकरूही बसणार नाही. न्यायला येणार असाल तर बसनं या."

जावयांनी बशी खाली ठेवली. आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघून डोळे मोठे केले, तिला गप्प कर म्हणून. जन्मभर मी त्या डोळ्यांना समजून घेत आले. त्या दिवशी मी त्यांच्या हातातून चिवड्याचा डबा काढून घेतला, झाकण लावलं, आणि लेकीला म्हणाले, "अजून काय सांगायचंय, सगळं सांग. मी इथंच आहे."