शिरूरचा माईक, दौंडचं मैदान

वाघोली मागे पडली आणि कोरेगाव भीमाच्या अलीकडेच एसटी थांबली. पुढे कारखान्यांच्या बसगाड्या, कंटेनर आणि उसाचे ट्रॅक्टर असे अडकले होते की आमचा कंडक्टर खाली उतरून निवांत चहा पिऊन आला. पूर्वी याच रस्त्यानं कबड्डीच्या स्पर्धांच्या बातम्या करायला यायचो तेव्हा अशा खोळंब्यात जीव वरखाली व्हायचा. आता घाई कसली? आमच्या वर्तमानपत्राचं ग्रामीण क्रीडा पान बंद झालं, पानाबरोबर मीही घरी बसलो, आणि या खेपेला निघालो होतो ते दुसऱ्यानं घेतलेली मुलाखत ऐकायला.

मुलाखत घेणार होता रोहन. टीव्हीवरच्या कबड्डीत चढाया करून नाव कमावलेला, मूळचा दौंडचा. गुडघा गेल्यावर त्यानं शिरूरला पॉडकास्ट सुरू केला. खेळाडूच खेळाडूंना बोलतं करतात, लोक मोबाईलवर ऐकतात, मध्ये आमच्यासारख्यांची गरज पडत नाही. पाहुणे होते त्याचे पहिले प्रशिक्षक, दौंडचे आबा. आबा दौंडला मुलींना कबड्डी शिकवतात. ज्या मोकळ्या जागेवर शिकवतात, ती मालकानं दुकानगाळे बांधायला काढली आहे. मालकाची मुलं रोहनच्या नावानं वेडी. रोहनच्या कार्यक्रमात विषय निघाला तर मालक लाजेकाजेस्तव का होईना थांबेल, अशी आबांची आशा. पूर्वी ही आशा ते माझ्यावर ठेवायचे. स्पर्धा संपली की स्वतः ऑफिसात फोन करून निकाल सांगायचे, आणि मुलींची नावं चुकू नयेत म्हणून एकेक अक्षर सुटं करून सांगायचे.

शिरूरच्या स्टँडवर ते उभेच होते. कडक इस्त्रीचा सदरा, टोपी आणि कुठल्याशा सत्कारात मिळालेली शाल.

"पत्रकारसाहेब, तुम्ही आलात, लई बरं झालं," ते म्हणाले. "आपलं माणूस शेजारी असलं की बोलाया धीर येतो."

मी आता पत्रकार राहिलो नाही, हे मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. त्यांनी ते काही मनावर घेतलं नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे कापडाच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना काळा स्पंज, दोन खुर्च्या, दोन माईक. रोहन वाकून आबांच्या पाया पडला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि आबा ताडकन उभे राहिले. माईकसमोर बसून बोलायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि व्यासपीठावरच्या सर्व मान्यवरांचे आभार मानायला घेतले. मान्यवर म्हणजे रोहन, कॅमेरावाला आणि कोपऱ्यात बसलेलो मी. मग मंडळाचे आजी-माजी अध्यक्ष, वारलेले पंच, आणि वर यायचा जिना दाखवणारे खालचे कापडवाले. रोहननं हात धरून खाली बसवलं, ते पुन्हा उठले. हसू मलाही आवरेना.

शेवटी बसले, आणि मैदानाचा विषय निघाल्यावर त्यांचा आवाजच बदलला.

"पोरी तितं पडत्यात, खरचटतं, आन् उठून पुन्हा चढाई करत्यात," ते म्हणाले. "घरी त्यांस्नी पडायची मुभा न्हाई, रोहन. ही जागा गेली की त्या घरी बसतील. मग लग्नं. तू तितंच पडून शिकलास, तू तेवढं सांग लोकांना."

रोहनचे डोळे भरून आले. "आबा, हे जाणार लोकांपर्यंत," तो म्हणाला. माझा विश्वास बसला. मला तर त्याचा हेवाही वाटला.

दुपारी आम्ही दौंडची गाडी धरली. न्हावऱ्याच्या पुढे उसाची ट्रॉली आडवी झाली होती, तासभर तिथेच. दोन्हीकडे ऊस, हवेत मळीचा आंबूस वास, आणि शेजारी शाल गुंडाळून समाधानानं झोपलेले आबा. मुक्काम त्यांच्याच घरी होता. काकूंनी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वळून रश्श्यात शिजवलेली वेटोळी) केली होती. आबांनी त्यांना मुलाखत पुन्हा सगळी बोलून दाखवली, तीही उभं राहून.

सकाळी मैदानावर गेलो. फक्कीच्या रेघा मारून मुली चढायांचा सराव करत होत्या. एका कडेला मालकाच्या माणसांनी लाल रंग दिलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या. मुली त्या चुकवून पळत होत्या. त्यांची कप्तान सायली पाणी प्यायला आली आणि आबांकडे पाठ करून तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. रोहनच्या पॉडकास्टचं रील होतं. आबा उभे राहतात, आभार मानतात, रोहन बसवतो, पुन्हा उठतात. मागे हसण्याचे आवाज जोडलेले. मैदानाचा एक शब्द नाही.

मी बाजूला जाऊन रोहनला फोन लावला. तो अदबीनं बोलला. मैदानाचा भाग पूर्ण एपिसोडमधूनही काढल्याचं त्यानं सांगितलं.

"सर, रडगाणं लागलं की लोक सोडून जातात. मला स्क्रीनवर दिसतं ते," तो म्हणाला. "मुलींना मी बूट पाठवतो ना."

राग आला, तरी मी बरं म्हणून फोन ठेवला. आमच्या पानाबद्दलही साहेब लोक शेवटी हेच म्हणाले होते.

परत आलो तर आबा खुशीत होते. दुधवाल्यानं त्यांना थांबवून हात मिळवला होता.

"लई लोकांनी बघितलं म्हणं," ते म्हणाले. "मैदानाचं बोललेलं कवा येतंय?"

सायली माझ्याकडे बघत होती. "येईल," मी म्हणालो.

पुण्याच्या गाडीत समोर दोन कंपनीतले तरुण बसले होते. पाटस जायच्या आत आबांचा आवाज कानावर आला. दोघं पोट धरून हसत होते. एकानं, "काका, हे बघा, लई भारी हाय," म्हणत मोबाईल माझ्याकडे वळवला. आबा कोपऱ्याकडे हात करून सांगत होते की आपला आवाज घरोघरी पोचवणारे पत्रकारसाहेब आज इथं हजर आहेत. सगळ्यात मोठं हसू तिथं जोडलं होतं.

आठवड्यानं आबांचा फोन आला. मागे कसलंसं मशीन घरघरत होतं.

"पत्रकारसाहेब, ह्यांनी खोदाया घेतलंय," ते म्हणाले. "तवा आता तुमीच लिवा."

कुठं लिहू, असं ओठावर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी मुलींची नावं सांगायला सुरुवात केली, एकेक अक्षर सुटं करून, आणि मी ती लिहून घेत गेलो.