बोट तिकडं, नवरा इकडं

सगळ्या सरकारी खात्यांची माहिती एका जागी जोडणार, असं जेव्हा निघालं, तेव्हा मले लय आनंद झाला होता. राशन, दवाखाना, पेन्शन, सगळं एका बटनावर. आमच्या राजपुऱ्यात, हिंदी मुलखातल्या मराठी गल्लीत, भोंगा लावून गाडी फिरली. मी केळीचे घड ट्रकात भरणारा माणूस, शाळेत गेलो तो फक्त चिंचा पाडायले. मले वाटलं, आता कंप्यूटरच वाचणार, आपल्याले वाचायची गरज नाही. एवढा गाढव मी.

माझी बायको तेव्हा लग्नाघरी मांडे करायची. उलट्या तापलेल्या खापरावर रुमालाएवढा पातळ मांडा टाकायचा म्हणजे नजर पाहिजे. अन् तिच्या डोळ्यात मोतीबिंदू. एका लग्नात तिनं मांड्याऐवजी हातच खापरावर टेकवला. फोड आले, बोलावणी बंद झाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन फुकट होईल, आरोग्याचं कार्ड आणा. पण लवकर. डोळा जास्त पिकला तर अवघड होईल."

आमच्याच गावातल्या लालबागच्या सेंटरवर गेलो. तिथल्या मॅडमनं बायकोचं बोट मशीनवर ठेवलं, पडदा पाहिला अन् माझ्याकडं पाहिलं.

"बाबूजी, ये तो कुंवारी हैं."

आमच्या पोरीचं लग्न झालेलं, नातू अंगणात फिरतो, अन् ही कुंवारी!

मग उलगडलं. बायकोचं माहेर सीमेच्या पलीकडं, महाराष्ट्रात. आखाजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, आमच्याकडच्या लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. अशाच एका आखाजीले तिच्या माहेरी आधारचा कॅम्प लागला होता. झोक्यावरच्या बाया उतरल्या अन् रांगेत जाऊन बोटं देऊन आल्या. माहेरच्या अंगणात सासरचं नाव कोण सांगतं? सगळ्याजणींनी माहेरचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, भावाचा पत्ता दिला. इकडं आमच्या घराच्या नोंदीत मी सांगितलेलं तिचं लग्नातलं नाव. जोवर एक खातं एका कपाटात अन् दुसरं दुसऱ्या कपाटात होतं, तोवर कोणाची कोणाशी गाठ नव्हती. जोडलं, अन् दोघी समोरासमोर आल्या. माझ्या घरात बायको, पण तिले बोट नाही. साल्याच्या घरात बोट, पण त्याले नवरा नाही.

मॅडम चांगली होती. म्हणाली, तहसीलमध्ये साहेबांना सांगा, ते दोन्ही नावं एक करून देतील.

तहसीलमध्ये गेलो. तेवढंच सांगितलं असतं तर काम त्याच दिवशी झालं असतं. पण मागं रांग होती, अन् रांग पाहिली की माझी जीभ खाजते. मी म्हणालो, "साहेब, सरकारनं मले दुसरी बायको दिली बरं का! एक इकडं, एक महाराष्ट्रात. भाकरी मात्र एकीच्याच हातची!"

रांग हसली. मी फुगलो. साहेब लांबून बदलून आलेले, त्यांना मराठी येत नव्हती. शेजारच्या कारकून बाबूले विचारलं, "क्या बोल रहे हैं?" बाबूनं सगळं सांगितलं, फक्त हसू तेवढं गाळलं. "सर, दो पत्नियाँ हैं. एक यहाँ, एक महाराष्ट्र में."

साहेबांनी तसंच कंप्यूटरमध्ये टाकलं. जांच म्हणजे चौकशी होईपर्यंत राशन, कार्ड, सगळं बंद.

अन् जोडणी किती पक्की होती म्हणून सांगू! बायकोच्या डोळ्यासाठी माहिती इकडून तिकडं एक पाऊल सरकत नव्हती, माझी मस्करी मात्र माझ्याआधी राशनच्या दुकानात पोहोचली. दुकानदार म्हणे, "काका, बायका दोन अन् थैली एकच?" बँकेत गेलो तर खिडकीतली बाई मले खालून वर पाहे. आयुष्यभर जोक मारले, कोणी गल्लीच्या पुढं नेले नाहीत. हा एकच देशभर गेला.

बायको घरात भिंतीले हात लावत चालायची अन् मले शिव्या द्यायची. "दोन बायका! एकीले आंधळी करून ठेवलं, दुसरीचं काय करणार?"

शेवटी जांच करायले एक बाई गल्लीत आली. तिनं समोरच्या आजीले विचारलं, या माणसाच्या दोन बायका आहेत का. आजी म्हणे, "याच्या? याले एक कशी मिळाली, तेच आम्हाले अजून समजलं नाही." तेवढ्यावर जांच संपली. माझी इज्जत गेली, पण कागद सुटला.

परत मॅडमकडं. ती म्हणे, दोन रस्ते आहेत. बोटाले लग्नातलं नाव लावायचं तर लग्नाचं सर्टिफिकेट लागेल. नाहीतर घराच्या नोंदीत माहेरचं नाव टाका, ते आत्ता होतं.

आमचं लग्न लागलं तेव्हा सर्टिफिकेट कोणाले माहीत होतं? तरी मी ताठ झालो. म्हणालो, "सर्टिफिकेट काढू. नाव मी ठेवलेलं आहे."

"तुम्ही ठेवलं?" बायको म्हणाली. "तुम्हाले लिहिता तरी येत होतं का? भटजीनं तुमचं बोट धरून तांदळात काढलं. अन् मले कोणी विचारलं होतं?" मग ती मॅडमच्या आवाजाकडं वळली. "मॅडम, माझ्या बापानं ठेवलेलं टाका. मले दिसायले पाहिजे."

मॅडमनं बटन दाबलं. माझी बायको झाली, अन् माझ्या बायकोचं नाव गेलं.

ऑपरेशनच्या दिवशी साला पण आला पलीकडून. नर्सनं बाहेर येऊन नाव पुकारलं. मी बसलेलो. तिनं पुन्हा पुकारलं. मी साल्याले म्हणालो, "कोणाची बाई आहे रे, नंबर जाईल ना तिचा!"

"दाजी," तो म्हणे, "उठा. तुमचीच आहे."

डोळा चांगला झाला. पुढच्या लगनसराईत ती पुन्हा खापरावर बसली. पण दवाखान्यातून घरी आल्या आल्या मी नेहमीसारखी लग्नातल्या नावानं हाक मारली होती. आमच्याकडं नवरे बायकोले नावानं हाक मारत नाहीत, पण मी आधीपासून बेशरम. चहा मागितला. आत भांडी वाजत राहिली. पुन्हा हाक मारली. आतून आवाज आला, "त्या नावाची बाई इथं राहत नाही. सरकारले विचारा."

चडफडलो. वाट पाहिली. मग तिच्या बापानं ठेवलेलं नाव घेतलं, हळूच, समोरच्या आजीले ऐकू जाणार नाही असं. अजूनही घेतो. दर वेळी वाटतं, साल्याच्या अंगणात उभा राहून त्याच्या बहिणीले हाक मारतो आहे. चहा मात्र लगेच येतो.