नालवाडीच्या सासवांकडून खेळताना

वर्ध्याला जायला निघाले, तेव्हा पिशवीत खेळाचे बूट, नी-कॅप, बाम, आणखी एक बाम आणि साताऱ्याचे कंदी पेढे होते. नवरा म्हणाला, "पन्नाशी उलटलेल्या बाईला एका मॅचसाठी राज्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बोलावतं?" मी म्हटलं, "मित्रा बोलावते." त्यावर तो माझी पिशवी उचलून स्टेशनवर आला.

मित्रा म्हणजे संघमित्रा, वर्ध्याच्या कडेला असलेल्या नालवाडीची. एका सरकारी खात्याच्या संघातून आम्ही दोघी उमेदीची सगळी वर्षं व्हॉलीबॉल खेळलो. नोकरी खेळावर मिळाली आणि पगारही खेळण्याचाच. ती स्मॅश मारायची आणि मी सेटर, म्हणजे तिनं मारावा म्हणून नेटपाशी बॉल उचलून देणारी. ती देशाकडून खेळली, मी नाही. पेपरात फोटो तिचा यायचा. फोटोच्या कडेला एक कोपर दिसायचं, ते माझं. मला याचं काही वाटत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता कुणी विश्वासच ठेवत नाही.

पुढे ऐन सेमीफायनलमध्ये तिचा गुडघा गेला आणि खेळ संपला. निवृत्तीनंतर नवऱ्याला घेऊन ती माहेरगावीच राहायला आली. नालवाडीत दर थंडीत सासवा विरुद्ध सुना अशी मॅच होते. मित्रा तिथली लेक. ना सून, ना सासू. म्हणून तिला दरवर्षी शिट्टी देऊन पंच म्हणून उभं करत.

"आता पोराचं लग्न झालं वो," ती फोनवर ओरडत होती. "सासू झालो मी! या वक्ती खेळतो. मायनं माहा खेळ कधी पाह्यलाच नाई. आता थकली थे, डोळ्यानंही कमी दिसते. या सालीच दाखवाचा हाय तिले. तू येजो बॉल उचलाले."

आता याला नाही कसं म्हणणार?

गाडी नेहमीप्रमाणे रमतगमत पोचली. वर्धा स्टेशनबाहेर तर्री-पोहे (लाल झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले. मी सातारची, मला तिखटाचं काय कौतिक, असं म्हणून जास्तीची तर्री मागितली आणि पुढं बराच वेळ मला बोलता आलं नाही. रिक्षावाल्याला नुसतं "नालवाडी" एवढंच कसंबसं सांगितलं.

"संघमित्राताईकडं काय?" त्यानं पिशवीतून डोकावणारे माझे खेळाचे बूट पाहून ओळखलं. "लय जबरदस्त खेळत बाप्पा थ्या! असा बॉल मारत का समोरची पोट्टी पडूनच जाये."

"तुम्ही पाहिलाय त्यांचा खेळ?"

"पाह्यला नाई, आयकलाय."

गंमत अशी, की नालवाडीत भेटलेल्या प्रत्येकानं तिचा खेळ ऐकलाच होता. सामने झाले चेन्नईत, पतियाळात, परदेशात. एकदा दूरदर्शनवर दाखवणार होते. अख्खा मोहल्ला टीव्हीपुढे जमला आणि लाईट गेली. लाईट आली, तेव्हा पडद्यावर शेतकऱ्यांसाठी तूर लागवडीची माहिती चालू होती.

रस्त्यानं कापसाच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या. बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकले होते. मित्राच्या आईनं आयुष्यभर असाच कापूस वेचला, लोकांच्या शेतांत. मुलीचे सामने थंडीत, वेचणीही थंडीतच. एक दिवस खाडा केला तर चूल पेटायची नाही, मग चेन्नई कुठली?

अंगणात खुर्चीवर ती म्हातारी बसली होती. पांढरं लुगडं, कानांवर घट्ट बांधलेला मफलर.

"हे कोन?" तिनं डोळे बारीक करून विचारलं.

"माय, हे माही सेटर," मित्रा म्हणाली.

"म्हंजे काय करते?"

"मले बॉल उचलून देते."

"अन् मंग?"

"मंग मी मारतो."

"म्हंजे काम हे करते अन् नाव तुहं होते!"

या माऊलीच्या मी त्याच क्षणी प्रेमात पडले. इतक्या वर्षांत एकाही क्रीडापत्रकाराला हे सुचलं नव्हतं.

म्हातारीचं व्हॉलीबॉलशी एक जुनं भांडण होतं. बॉल कुणी पकडतच नाही, नुसता ढकलत राहतात, मग जिंकतं कोण? मित्रा शाळेत असताना पहिला जिल्ह्याचा सामना जिंकून आली, तेव्हा समजावून समजावून दमली आणि शेवटी म्हणाली, "जिचा बॉल सगळ्यात दूर जाते, थे जिंकते." म्हातारीनं तो नियम पदराला गाठ मारून ठेवला. नंतर कुणाचंही काही चालेना.

जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत आणि सांबारवडी (सांबार म्हणजे इथं कोथिंबीर, तिचं सारण भरून तळलेली गुंडाळी) होती. वाढायला मित्राची सून स्नेहल. पोरगी सावंगीच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे घरात गुडघ्यांवर राज्य तिचंच.

"आई, उद्या उडी मारायची नाही," तिनं वडीबरोबर हुकूम वाढला. "पाय जमिनीवर. परत तो गुडघा गेला तर मी नाही बघणार. आजीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

मित्रानं ठेवला. देशातल्या भल्याभल्या प्रशिक्षकांना न जुमानणारी ही बाई सुनेपुढं गरीब गाय झाली होती.

पण उडीशिवाय स्मॅश म्हणजे मिठाशिवाय पिठलं. जमिनीवरून जोरात मारलेला बॉल नेट ओलांडतो खरा, पण मैदानात पडत नाही, सरळ बाहेर जातो. म्हणून ठरलं ते उलटं. मित्रा उचलून देणार आणि मी मारणार. मी! जिनं जन्मात धड एक स्मॅश मारला नव्हता. "मायले मी मैदानात दिसलो तरी पुरे," मित्रा म्हणाली, पण तिचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

सकाळी मैदानावर सगळा मोहल्ला हजर. सुनांनी साडीखाली ट्रॅकपँट घातलेल्या, सासवांनी पदर खोचलेले. रिवाज असा, की हरणाऱ्या संघानं सगळ्यांसाठी रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी करायची. गेली कित्येक वर्षं सासवाच रोडगे भाजत होत्या.

सासवांच्या कॅप्टन कुसुमबाई, गल्लीतल्या किराणा दुकानाच्या मालकीण. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "सून हाय काय तुम्हाले?"

"मुलगा आहे. लग्न करत नाही मेला."

तिकडून सुनांचा गलका झाला. "सून नाई त सासू काऊन? नाई चालत!"

कुसुमबाईंनी हात वर केला. "पाहुन्या हायेत. पाहुनी म्हंजे विहीन. विहीन सासूच्या वरती असते. खेळू द्या."

"पण विहीन त नुसती बसून राह्यते!" एक सून ओरडली.

"बसून सगळ्यायले नाचवते," कुसुमबाई म्हणाल्या. यंदा मित्राच्या जागी पंच झालेल्या शाळेतल्या गुरुजींनी शिट्टी मारली आणि मी विहीण म्हणून मैदानात उतरले.

काय सांगू, मित्रा उचलत होती आणि मला लाज वाटत होती. इतकी सुरेख लिफ्ट! बॉल हातात येऊन बसायचा आणि मी तो नेटमध्ये घालायचे. तरी सासवा हटेनात. कुसुमबाई तर दुकानातले उंदीर हाकलावेत तशा बॉलवर धावत होत्या. आम्ही मागं पडलो, पुन्हा गाठलं, पुन्हा मागं पडलो.

आणि मैदानाकडेच्या खुर्चीवरून एकसारखा आवाज येत होता. "हे मारत काऊन नाई? नुसती उचलूनच राह्यली! कवा मारन हे?"

दर वेळी मित्राचा चेहरा उतरायचा.

शेवटी सुना एकाच गुणानं पुढं होत्या. एक गुण आम्हाला मिळाला असता तर बरोबरी. त्यांना मिळाला तर रोडगे आमच्या गळ्यात. त्यांची सर्व्हिस कुसुमबाईंनी कशीबशी अडवली आणि बॉल नेमका माझ्या डोक्यावर आला. मी काही विचार केला नाही. हातांनीच केलं ते. मी बॉल उचलून डाव्या कोपऱ्यात दिला, उंच, तिच्या आवडीच्या जागी. आणि मित्रा तिथं आलेलीच होती.

नेटपलीकडून स्नेहल किंचाळली, "आई, उडी नको!" आणि ब्लॉक करायला सगळ्या सुना मिळून वर उडाल्या. त्यांच्या मागचं मैदान मोकळं पडलं. बोटानं हलकेच ढकलला असता तरी बॉल तिथं पडला असता. मला ते दिसलं, म्हणजे मित्रालाही दिसलंच असणार.

तिनं उडी मारली नाही. पाय जमिनीत रोवले, हात पाठीमागं नेला आणि असा फटका मारला की मैदानावरची कुत्री उठून बसली. बॉल सुनांवरून गेला, रेषेवरून गेला, गर्दीवरून गेला आणि थेट पाण्याच्या टाकीपलीकडे दिसेनासा झाला.

गुरुजींनी शिट्टी मारली. "आऊट!" सुना नाचायला लागल्या.

आणि खुर्चीचे हात धरून म्हातारी उभी राहिली. "गेला! पार टाकीच्या पल्याड गेला! जितली माही पोट्टी!"

आधी स्नेहल थांबली. नाचता नाचता तिनं आजीकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं आणि टाळ्या वाजवायला लागली. मग बाकीच्या सुना. मग गुरुजींनी गळ्यातली शिट्टी खिशात टाकली आणि तेही टाळ्या वाजवू लागले. अख्ख्या नालवाडीला व्हॉलीबॉलचे नियम पाठ आहेत, पण एकानंही तोंड उघडलं नाही. कुसुमबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "करू बाप्पा रोडगे. काय झिजतो काय?"

मित्रा आईच्या पायाशी मातीत बसली. म्हातारीनं तिचा लाल झालेला तळहात चाचपला. "लागलं काय माय?" तिनं विचारलं, आणि इतक्या सामन्यांत कधी न रडलेली मित्रा ढसाढसा रडली. मीही रडले. रोडग्यांचा धूर अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळं सबबही सांगता आली नाही.

रोडगे मात्र फर्मास झाले. माझा एक करपला, तो सुनांनी विहिणीचा म्हणून मलाच वाढला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मित्रानं गोरसपाकाचा (गाईच्या तुपातली खुसखुशीत बिस्किटं) पुडा हातात दिला. गाडी दिसायला लागली, तेव्हा मी विचारलंच.

"समोर सगळं मोकळं होतं. अलगद टाकला असतास तर पडला असता. दिसलं नव्हतं?"

"दिसलं ना."

"मग?"

"तेवढासा बॉल मायले दिसला नसता वो," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर तुरीची शेतं पळत होती. मी तिला आयुष्यभर बॉल उचलून दिले, त्यांची मोजदाद नाही. पण एकच बॉल माझा म्हणून सांगायचा झाला तर मी हाच सांगेन.

साताऱ्याला नवरा न्यायला आला होता. पिशवी घेत त्यानं विचारलं, "काय, जिंकलात का?"

"जिंकलो तर!" मी म्हटलं. "बॉल पार पाण्याच्या टाकीपलीकडे गेला."