एक जूनचे दोघे

सुरतेजवळ पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये मला खुर्ची मिळाली ती आमच्या साहेबांमुळे. नववीत शाळा सुटलेला, उधन्यात लूमवर उभा राहणारा मी. त्यांनी कॉम्प्युटरवर बसवलं. त्यांचे उपकार आहेतच, म्हणून तर त्यांच्यापुढे तोंड उघडताना मी अजून दहादा विचार करतो.

साहेब संख्याशास्त्र शिकलेले. कामगारांचे दोन तक्ते होते, एक ऑफिसचा, एक ठेकेदाराचा. दोन्ही एकाखाली एक जोडायचे आणि तंतोतंत सारख्या ओळींतली एकच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. आर नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत त्याला एवढीशी आज्ञा पुरते. वडलांच्या नावाचा रकाना ठेकेदाराने बहुतेक रिकामाच सोडला होता, म्हणून साहेबांनी तो आधीच काढून टाकला.

मी घाबरत घाबरत सांगितलं, साहेब, आमच्या खानदेशातले दोघे चुलतभाऊ आहेत. आजोबांचंच नाव दोघांना ठेवलंय, आडनाव एक, गाव एक. जन्मतारीखही एकच, कारण दोघांना एकाच वर्षी शाळेत घातलं, खरी तारीख घरी कुणालाच ठाऊक नसायची आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझीही एक जूनच आहे.

"तुम्हारे गाँव में सब एक ही दिन पैदा होते हैं क्या?" साहेब म्हणाले. ऑफिस हसलं. साहेबांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच यादीवरून हजेरी घेणाऱ्या गेटवरच्या मशीनने धाकट्याचा अंगठा घेतला, थोरल्याचा घेईना. थोरला माझ्याच खोलीत राहायचा. वॉचमनने त्याला बाजूला उभं केलं. मला बघून तो म्हणाला, "मी आठे गेटवर उभा शे ना भाऊ. मंग तुन्हं मशीन मी नही कसं म्हनस?"

दोघांची आधार कार्डं घेऊन मी वर धावलो. साहेब वाईट नाहीत. त्यांनी रकाना परत घातला, ठेकेदाराच्या रिकाम्या जागी आधारवरून वडलांची नावं माझ्याकडून भरून घेतली, आज्ञा पुन्हा चालवली. थोरल्याची ओळ परत आली. पण तोवर त्याच्या कामाच्या मशीनवर ठेकेदाराने दुसरा माणूस लावला होता, आणि एकदा लावलेला माणूस तो उठवत नाही.

थोरला चलथाणला साखर कारखान्यावर गेला. मिळेल ते काम. धाकटा खानावळीत मला बघून ताट घेऊन दुसरीकडे बसतो.

साहेबांनी मला ती आज्ञा नीट समजावून दिली, कोणते रकाने धरायचे, कोणते सोडायचे नाहीत. मी हात जोडून थँक्यू सर म्हणालो. खुर्ची त्यांनीच दिलेली, दुसरं काय म्हणणार?