अण्णांच्या ढगातून अक्का

शेजारच्या घरात विमान असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, खिडकी उघडी ठेवली तरी पुरे! आणि माझी खिडकी कधीच बंद नसते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

शेजारचे शिवानंदअण्णा एमआयडीसीत टॉवेल विणायचे. आता लूम मुलगा बघतो आणि अण्णा कॉम्प्युटरवर विमान उडवतात. दांडा, पेडल, सगळं हाय! निमित्त मात्र अक्का, त्यांची बायको. लेक सुवर्णा दिल्लीला, पहिलं बाळंतपण. डॉक्टरांनी सांगितलेलं, दिवस आधीही भरतील, म्हणजे बोलावणं आलं की विमानानंच जायला पाहिजे. अक्कांना उंचीची भीती नाही, ढगांची! "ढगात शिरल्यावर वाट कशी दिसायची हो?"

* * *

त्या गेममध्ये बाहेर जसं हवामान, तसंच आत दिसतं. अण्णांनी पडद्यावर सोलापूर दाखवलं. अक्कलकोट रोडवर एक काळा ढग लोंबत होता. मी पळत गच्चीवर गेले. खरंच होता की! वरूनच ओरडले, "अण्णा, जरा डावीकडं घ्या, माझी धुणी वाळत आहेत!"

* * *

अण्णा उडायला बसले की अक्का आधी त्यांच्या हातावर दही ठेवायच्या. प्रवासाला निघालेलं माणूस, रिकाम्या तोंडानं कसं जाणार?

एकदा अण्णा लंडनला निघाले. दुपारी मी विचारलं, "अक्का, जेवला का?"

"कुठलं! हे अजून समुद्रावरच आहेत."

* * *

उन्हाळ्यात मी पडद्यावरचं निळं आभाळ बघून गच्चीवर कुरडया घातल्या. तासाभरात वळीव कोसळला!

"अण्णा, कुरडयांचा परत चीक झाला!"

अण्णा ओशाळले. "वहिनी, हिला भीती वाटली म्हणून मीच सगळे ढग काढून टाकले होते."

"मग आमच्या गच्चीवरचे पण काढायचे की!"

* * *

शेवटी ढगांशिवाय भागेना. अण्णांनी खरं आभाळ लावलं, अक्कांना शेजारी बसवलं. मी मागं उभी, काम काहीच नाही. पडदा पांढराफटक! अक्कांनी माझा हात असा आवळला की बांगडी फुटली.

"अय्यो, काहीच दिसंना!"

अण्णा समोरच्या तबकड्यांमधल्या काट्यांवर बोट ठेवून म्हणाले, "मला हे दिसतंय. तू माझ्याकडं बघ."

आणि फट्‌कन वर ऊन! खाली ढगच ढग, जणू धुऊन पसरलेले टॉवेल. अक्का लई हसल्या. "परत एकदा घ्या की!"

त्याच दिवशी दोघांची तिकिटं काढली.

* * *

खऱ्या विमानातलं अण्णांनीच मला फोनवर सांगितलं. आभाळ भरलेलं. विमान ढगात शिरलं आणि गदगदा हलायला लागलं. अण्णांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली, डोळे गच्च मिटले. अक्का खिडकीला नाक लावून बाहेर बघत होत्या. वळून पाहिलं आणि अण्णांना कोपरानं ढोसलं,

"अहो, डोळे उघडा की! तुम्हीच डोळे मिटल्यावर विमान कोण चालवणार?"